कोकणातले हंगामी फुलांचे वाफे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात आम्ही घरांच्या अंगणात, होमस्टेंच्या दारात आणि दुकानांसमोर हंगामी फुलांचे वाफे लावून देतो आणि पुढे सांभाळतोही. गिऱ्हाइकं तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बियांच्या पाकिटावरचं वेळापत्रक बहुतेक वेळा देशावरच्या कोरड्या हवेचं असतं. किनाऱ्यावर ते जसंच्या तसं चालत नाही. पुढची बरीच उत्तरं त्यामुळेच वेगळी आहेत.

१. हंगामी फुलझाडं म्हणजे नेमकी कोणती? जास्वंद, अबोली त्यात येतात का?

नाही. बी रुजण्यापासून फुलून बी धरून वाळेपर्यंतचा सगळा जन्म जे झाड एकाच हंगामात संपवतं, ते हंगामी. झेंडू, तेरडा, झिनिया, कोंबडा, कॉसमॉस, पिटुनिया, अ‍ॅस्टर ही सगळी त्यातली. जास्वंद आणि अबोली वर्षानुवर्षं राहतात. सदाफुलीही खरं तर बहुवर्षीय आहे, पण दुसऱ्या वर्षी ती लाकडी होऊन उघडी पडते, म्हणून वाफ्यात आम्ही तिला हंगामीच धरतो आणि दरवर्षी नवी लावतो.

२. वाफा अंगणाच्या मधोमध केला तर छान दिसेल ना?

दिसेल, पण शिमग्याला पालखी दारात आली की ती नाचवायला खळं मोकळं लागतं. मिरच्या, कोकमं, आमसुलं वाळवायची तीही तिथेच. मधोमध केलेला वाफा फाल्गुनात तुडवला जातो आणि त्यात चूक कुणाचीच नसते. वाफा गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेने, पायवाटेच्या दोन्ही अंगांना किंवा तुळशीवृंदावनाभोवती प्रदक्षिणेची वाट सोडून करावा.

पागोळ्यांची रेघही पाहून घ्या. कौलांवरून किंवा पत्र्यावरून पाणी पडतं तिथे जुलैत हातभर चर पडतो. त्या रेघेपासून निदान दोन फूट पुढे सरका, नाहीतर आधी पन्हळ बसवा. भिंतीला चिकटून, पागोळ्यांच्या आत केलेल्या वाफ्याला पावसाचं पाणी पोचतच नाही. भर आषाढात तिथली रोपं सुकलेली आम्ही पाहिली आहेत.

ऊन रोज पाच-सहा तास हवं. ते मिळत नसेल तर प्र. १८ वाचा.

३. आमची माती लाल, जांभ्याची आहे. वाफा कसा तयार करायचा?

आधी पाण्याचा निचरा. बाकी सगळं त्यानंतर. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हंगामी फुलांची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. ती दोन दिवस पाण्यात राहिली की कुजतात. म्हणून सपाट वाफा नको, गादीवाफा हवा : जमिनीपासून सात-आठ इंच उंच, मध्ये किंचित फुगीर, भोवती पाणी वाहून जायला चर. कडेला चिरे लावले तर एकाच थरात हवी ती उंची मिळते. चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरू नका, पाणी तिथूनच झिरपतं. रुंदी तीन फुटांच्या वर नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येता कामा नये.

जांभ्याची माती आंबट असते. पावसाने तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो, आणि तिच्यातलं लोह व अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. खत घालूनही फुलं कमी येण्याचं एक मोठं कारण हेच. शक्य असेल तर आधी माती तपासून घ्या. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत आणि बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत ही सोय असते. लांजा, किर्लोस, रोहा, कोसबाड इथे अशी केंद्रं आहेत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करत आलं आहे.

१० बाय ३ फुटांच्या वाफ्याला आमचा हिशेब असा. लावणीच्या तीन आठवडे आधी वीतभर खणून अर्धा किलोच्या आत शेतीचा चुना मिसळायचा (माती आंबट निघाली तरच). मग दोन आठवडे थांबायचं. त्यानंतर चांगलं कुजलेलं शेणखत दोन घमेली, म्हणजे ८ ते १० किलो, पाव किलो निंबोळी पेंड आणि १५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. सुपर फॉस्फेट वाफाभर फेकण्यापेक्षा शेणखतात कालवून रोपाच्या खड्ड्याजवळ द्या, म्हणजे मातीने अडकवण्याआधी मुळांना मिळतं.

कच्चं शेण अजिबात नको. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

४. आमच्याकडे माती नाहीच, नुसता कातळ आहे. काय करावं?

कातळावर दोन थर चिऱ्यांचा कठडा करून आत निदान एक फूट माती भरावी लागते. तळाच्या थरात दर दोन फुटांवर पाणी जायला भोकं ठेवा आणि ती उताराच्या बाजूला येऊ द्या, कारण खाली कातळ पाणी पिणार नाही. भोकांच्या तोंडाशी जांभ्याचे खडे, त्यावर माती. उन्हाळ्यात हा वाफा तव्यासारखा तापतो. फेब्रुवारीनंतर त्यात चिनी गुलाब आणि गलांड्यापलीकडे फारसं काही टिकत नाही.

घराबाहेरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, मात्र खणू नका, तिथली माती खरवडून आणू नका. पावसाळ्यात त्याच सड्यावर गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा अशी फुलं इंच-दोन इंच मातीत आपोआप येतात. ती माती तयार व्हायला पिढ्या लागल्या आहेत. एका पाटीभर मातीसाठी ते मोडणं मला सहन होत नाही.

५. घर समुद्राला लागून आहे, सगळी पुळण, म्हणजे वाळूच. वाफा होईल का?

होईल, आणि निचऱ्याची काळजीही नाही. अडचण उलटी आहे, पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जातं. दीड फूट खणून तळाला नारळाच्या सोडणांचा (वरच्या सालींचा) एक थर पसरा, वर पुळण आणि शेणखत निम्मं-निम्मं. सोडणं स्पंजासारखं पाणी धरतात. (हीच युक्ती जांभ्याच्या मातीत पावसाळी वाफ्याला करू नका, मुळं कुजतील.)

दुसरी गोष्ट खारा वारा. समुद्राच्या बाजूला झापांचा किंवा जाळीचा कमरेएवढा आडोसा लावा. पक्की भिंत वाऱ्याला उसळवून आत आपटते, जाळी त्याचा जोर मोडते. सदाफुली, चिनी गुलाब आणि गलांडा खारा वारा बऱ्यापैकी सोसतात; अ‍ॅस्टर आणि साल्व्हिया पुढच्या रांगेत लावू नका.

६. कोणत्या महिन्यात काय लावायचं?

आम्ही वर्षाचे तीन तुकडे करतो.

पावसाळी वाफा : बी मृगाच्या आगेमागे छपराखाली, लावणी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली की. तेरडा, बुटका फ्रेंच झेंडू, कोंबडा, बटणफूल, टोरेनिया. मोठ्या गोंड्याचा झेंडू या दिवसांत टाळा. त्याचं फूल पाणी भरून जड होतं, दांडा मोडतो नाहीतर आतून सडतो. लहान फुलाला हा त्रास कमी. झिनिया पावसात येतो, पण पानांवर करपा आणि भुरी पडते; वाऱ्याची जागा असेल तरच लावा.

हिवाळी वाफा आमचा सगळ्यात लाडका. बी सप्टेंबरच्या मध्यात आडोशाला, लावणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, हस्ताच्या सरी ओसरल्या की. पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्स, साल्व्हिया, व्हर्बिना, अ‍ॅस्टर. डिसेंबरच्या सुरुवातीला वाफा भरतो आणि जानेवारीअखेरपर्यंत बघत राहावा असा असतो. किनाऱ्यावर रात्री पुण्या-नाशिकसारख्या गारठत नाहीत, त्यामुळे पँझीसारख्या थंडीच्या फुलांवर पैसे घालू नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढतं आणि पिटुनिया दमते. तिला काढायची तयारी ठेवा.

उन्हाळी वाफा : बी जानेवारीअखेर, लावणी फेब्रुवारीत. चिनी गुलाब, बटणफूल, गलांडा, झिनिया, बुटकं सूर्यफूल, सदाफुली. हा वाफा मे अखेरपर्यंत चालतो, पण पाणी असेल तरच.

७. गणपतीला, दसऱ्याला दारात फुललेला झेंडू हवा. बी कधी टाकू?

तारखेवरून उलटं मोजा. बुटका फ्रेंच झेंडू बी टाकल्यापासून साधारण ५५ ते ६५ दिवसांत फुलावर येतो. गणपतीच्या आधी ७० दिवस बी टाकलं की पावसाने आठवडा खाल्ला तरी निभावतं. सण दरवर्षी सरकतो : २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षीची तारीख धरली तर अठरा दिवसांची चूक होते.

मोठ्या गोंड्याच्या आफ्रिकन झेंडूला दिवस लहान झाले की कळी लवकर येते. जूनमध्ये टाकलेलं बी नुसतं वाढत बसतं, म्हणून तो दसरा-दिवाळीसाठी ठेवा. इथे वाण पाहणं फार महत्त्वाचं. पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे नावाजलेले वाण आहेत, पण त्यांना फुलायला बी टाकल्यापासून चार महिन्यांहून जास्त लागतात. संकरित वाण त्यापेक्षा बरेच लवकर येतात. पाकिटावर दिवस छापलेले नसतील तर दुकानदाराला विचारल्याशिवाय घेऊ नका.

गौरीला लागणारा तेरडा बहुतेक घरांत रानातूनच येतो. वाफ्यातला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा दिसायला भरदार असतो. पूजेला कोणता चालतो ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

८. बी थेट वाफ्यात टाकू की रोपं करू?

झिनिया, सूर्यफूल, तेरडा, कॉसमॉस यांचं बी जाड असतं, उन्हाळ्या-हिवाळ्यात थेट टाकता येतं. पावसाळ्यात काहीच थेट टाकू नका, पहिल्याच सरीत ते चरात जातं.

पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये हजारो. ते रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकायचं नाही. ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं, फवाऱ्याने दमट ठेवायचं आणि वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक. पहिल्यांदाच करत असाल तर पिटुनियाची तयार रोपं घ्या.

९. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून बी धरलं तर चालेल का?

रुजेल, पण काय येईल ते सांगता येत नाही. बाजारातली बरीच फुलं संकरित वाणांची असतात, त्यांची पोरं उंचीला आणि गोंड्याला एकसारखी निघत नाहीत. घरच्या परसात हे चालतं. दुकानासमोर एकसारखी रांग हवी असेल तर नवं बी घ्या.

बी साठवणं हीच कोकणात खरी अडचण, हवेतला दमटपणा ते मारतो. कडकडीत वाळलेलं बी कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

१०. घाटावरून टेम्पोने आलेली रोपं छान दिसतात आणि पंधरा दिवसांत माना टाकतात. फसवणूक होते का?

बहुतेक वेळा नाही. ती रोपं शेडनेटखाली, हलक्या कोकोपीटमध्ये, रोज खत-पाणी पिऊन वाढलेली असतात. ती थेट आपल्या उन्हात आणि जड मातीत गेली की मुळं बाहेर पसरतच नाहीत. आणल्यावर पाच-सहा दिवस झाडाच्या विरळ सावलीत ठेवा, रोज तासभर ऊन वाढवत न्या. लावताना मुळांचा गड्डा बोटांनी हलकेच मोकळा करा आणि संध्याकाळीच लावा. फुलांनी भरलेलं रोप निवडू नका. कळ्या नुकत्या धरलेलं, बुटकं आणि फांद्या असलेलं घ्या.

११. पाणी किती आणि कधी?

उन्हाळ्यात १० बाय ३ च्या वाफ्याला रोज साधारण १५ लिटर, हिवाळ्यात एक दिवसाआड तेवढंच. सकाळी, बुंध्याशी. संध्याकाळी पानांवर झारी धरली तर रात्रभर पानं ओली राहतात आणि करपा येतो. आपल्याकडे रात्रीची हवा आधीच दमट असते. मार्चपासून वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचं किंवा वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन द्या. पावसाळ्यात हेच आच्छादन काढून टाका, नाहीतर ते गोगलगायींचं घर होतं (प्र. १५).

१२. एप्रिल-मे मध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. चालेल का?

पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या तर ते मीठ आहे. अशा पाण्याने पानं भिजवू नका. रोज थोडं-थोडं देण्याऐवजी दोन दिवसांनी भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली जातं. प्र. ५ मधली सोशिक झाडं निवडा. पहिल्या दोन-तीन दमदार पावसांत हे मीठ धुऊन जातं, माती बदलायची गरज नाही.

१३. मासळी धुतलेलं पाणी घातलं तर फुलं वाढतात म्हणे?

ताज्या मासळीचं पाणी खत म्हणून वाईट नाही, पण वाफ्यात घातलं की मांजरं आणि कुत्री रात्रभर उकरतात, मुंग्या लागतात. पाहुण्यांच्या दारात वास येतो तो वेगळाच. खारवलेल्या मासळीचं पाणी तर मुळीच नको. हे सगळं माडाच्या आळ्यात घाला. वाफ्याला लावणीनंतर दर पंधरा दिवसांनी मूठ-दोन मूठ गांडूळखत पुरतं. युरिया मारला तर पानंच माजतात.

१४. शेंडा खुडायचा का? कुणी सांगतं हो, कुणी नाही.

दोन्ही बरोबर आहेत, झाड कोणतं त्यावर आहे. झेंडू, पिटुनिया, झिनिया, साल्व्हिया यांचा शेंडा लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खुडला तर फांद्या फुटतात, झाड बसकं होतं, पावसात लोळत नाही. पण पहिलं फूल दहा-पंधरा दिवस लांबतं. सणाच्या हिशेबात हे धरा. उशीर झाला असेल तर खुडू नका.

कोंबडा, सूर्यफूल आणि तेरडा यांचा शेंडा कधीच नाही. कोंबड्याचा तुरा शेंड्यावरच येतो, तो गेला की बाजूला बारकी फुलं राहतात.

वाळलेली फुलं मात्र सगळ्यांचीच काढायची, आठवड्यातून दोनदा. झाडाने बी धरलं की त्याला वाटतं काम झालं, आणि ते फुलायचं थांबतं.

१५. पावसाळ्यात रात्रीतून रोपंच नाहीशी होतात. कोण खातं?

गोगलगायी. चकाकणारी चिकट वाट दिसली की खात्री झाली. राख आणि चुन्याच्या रेघा पावसात तासभरही टिकत नाहीत. त्यात कष्ट घालू नका. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून खाली पपईची सालं किंवा कोबीची पानं ठेवा, पहाटे उचला आणि चिकटलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हे पाणी वाफ्याजवळ ओतू नका. हातमोजे घाला, गोगलगायींतून माणसाला होणारे परजीवी जंतू असतात. विषारी गोळ्या कुत्रं किंवा लहान मूल वावरतं तिथे आम्ही कधीच टाकत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरीही.

१६. हिरवंगार झाड एका दुपारी मान टाकतं आणि मरतं. पाणी तर व्यवस्थित आहे.

बुंध्याजवळचा देठ कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात लटकवून धरा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखे धागे उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग. वांगी-टोमॅटोंना कोकणात होतो तोच. औषध नाही. झाड आजूबाजूच्या मातीसकट उचलून बाहेर न्या, कंपोस्टात टाकू नका, हत्यारं धुवा. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं झेंडू, झिनिया, वांगी, टोमॅटो, मिरची नको.

धागे दिसले नाहीत आणि बुंधा काळा, मऊ पडला असेल तर ती बुरशी. बाळरोपं ताटीत कोलमडतात तीही बुरशीनेच. निचरा सुधारा, बी विरळ टाका आणि एक टक्का बोर्डो मिश्रण बुंध्याशी ओता. सुपारीला फवारता तेच : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. वाफ्यासाठी १० लिटर पुरे, म्हणजे दोन्ही १००-१०० ग्रॅम. प्लास्टिकच्या भांड्यातच करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. बाळरोपांना याच्या निम्म्या तीव्रतेचं द्या.

१७. मोकाट गुरं आणि वानरांचं काय?

भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, आणि नेमका तेव्हाच हिवाळी वाफा लागलेला असतो. कुंपणाला पर्याय नाही. झेंडूच्या उग्र वासामुळे गुरं त्याला शक्यतो तोंड लावत नाहीत, म्हणून बाहेरच्या रांगेत तो लावा. सदाफुलीही खात नाहीत, ती विषारी आहे. लहान मुलं येत असतील तर हेही लक्षात असू द्या. वानरांवर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. झेंडू ती उपटतात, हुंगतात आणि टाकून देतात. त्यांच्या येण्याच्या वेळेला माणूस हजर असणं एवढंच कामी आलं आहे.

१८. वाफ्यावर दिवसभर माड-पोफळींची सावली असते. काहीच येणार नाही का?

झेंडू येणार नाही. टोरेनिया आणि तेरडा गाळून येणाऱ्या उन्हात समाधानाने फुलतात, कोलियसची रंगीत पानं फुलांची उणीव भरून काढतात.

उलटा प्रश्नही येतो, विशेषतः श्रीवर्धन-दिवेआगरकडून. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिथल्या वाड्या उघड्या पडल्या आणि जिथे कायम सावली होती तिथे भर ऊन आलं. नव्या पोफळी वर येईपर्यंतची मधली वर्षं उन्हाळी यादीतल्या फुलांना मोकळी आहेत. पण वाफा नव्या रोपांच्या आळ्यापासून दूर ठेवा. पहिला हक्क पोफळीचा.

१९. आमचा होमस्टे आहे. बाराही महिने फुललेलं दार हवं. जमेल?

बारा नाही, दहा महिने जमतात. प्रत्येक बदलाच्या वेळी वाफा पंधरा-वीस दिवस रिकामा किंवा बाळरोपांचा असतो. जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तसंही पाहुणे कमी असतात, तेव्हा तो बदल करा. नाताळ आणि मे ची सुट्टी या दोन तारखा धरून प्र. ६ चं वेळापत्रक आखा. मोठा एक वाफा करण्यापेक्षा दोन लहान करा आणि तीन आठवड्यांच्या अंतराने लावा. एक दमला की दुसरा भरात असतो. फाटकाजवळची जागा कुंड्यांनी सांभाळा, त्या मागे-पुढे नेता येतात.

माळ्याशी ठरवताना "बागेची देखभाल" एवढंच लिहू नका. बेणणी, म्हणजे तण काढणं, पावसात किती दिवसांनी (आम्ही दहा-बारा धरतो), वाळली फुलं आठवड्यातून किती वेळा, मेलेली रोपं कुणी बदलायची आणि मे महिन्यात पाणी कुणी घालायचं, हे चार मुद्दे लिहून घ्या. भांडणं शेवटच्या मुद्द्यावर होतात.

२०. पिवळा-नारिंगी कॉसमॉस काहीच न करता भरभरून येतो. सड्यावर, रस्त्याकडेला त्याचं बी टाकू का? पर्यटकांना आवडेल.

कृपा करून टाकू नका. काहीच न करता येतो हाच त्याचा धोका आहे. मूळचा मेक्सिकोकडचा हा कॉसमॉस महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेने आणि माळरानांवर पसरला आहे, आणि तो दाटला की प्र. ४ मधल्या इवल्या फुलांना ऊन मिळत नाही. घरच्या वाफ्यात लावला असेल तर बी काळं पडण्याआधी फुलं काढा, आणि उपटलेली झाडं सड्याच्या कडेला फेकू नका, खड्ड्यात पुरा.

कुणाला उघड्या माळावर रंग पाहायचा असेल तर त्याला श्रावणात सड्यावर न्या, आणि पायवाटेवरूनच दाखवा.